रीफरमधला माल घट्ट बसवावा तर हवा अडते, मोकळा सोडावा तर पडतो: काय करता?

पिंपळगावकर

नमस्कार मंडळी. एका पॅकहाऊसचं लोडिंग माझ्याकडे असतं. माल द्राक्ष, सगळा युरोपला. चाळीस फुटी हायक्यूब (जास्त उंचीचा) रीफर, म्हणजे थंड कंटेनर, पॅकहाऊस ते न्हावा शेवा ट्रेलरवर, पुढे बोटीने रॉटरडॅम. परवा आयातदाराकडून फोटो आले. दार उघडल्या उघडल्या काढलेला पहिलाच फोटो असा: डाव्या हाताचं शेवटचं पॅलेट (पेट्या रचलेला लाकडी पाट) दाराकडे कललंय, वरच्या दोन थरांतल्या पेट्या खाली आल्यात, पट्ट्या लोंबतायत. मधली सगळी पॅलेटं जागच्या जागी. गोंधळ फक्त दाराजवळच्या शेवटच्या रांगेत.

आता नेहमीचं सुरू झालंय. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो घाट सावकाश उतरवला, आपटलं असेल ते बंदरावर. आयातदार म्हणतो तुमचं पॅकिंगच ढिलं. क्लेम ज्याच्या माथी बसायचा त्याच्या बसेल, तो विषय इथे नको.

माझा प्रश्न वेगळा आहे. मालकांचं म्हणणं, दारापाशी जी जागा उरते ती एअरबॅग (हवा भरून फुगवायच्या पिशव्या) नि थर्माकोलने ठासून भरा, म्हणजे हलायला जागाच नको. मला ते पटत नाही. हवा कोंडली की शेवटची रांग तापणार. पण जागा तशीच सोडली तर काय होतं ते फोटोत दिसतंयच. तुम्ही काय करता?

तळोजा_उणे_अठरा

आमच्याकडे हा प्रश्नच नाही. गोठवलेली मासळी, खोकी थेट फ्लोअरवर, पॅलेट नाहीच. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकळा रचत, माल कुठवर चढवायचा ते दाखवणाऱ्या लाल रेषेपर्यंत न्यायचा. हलणार कुठे? तुम्हीही पॅलेट काढून टाका.

चहाबाज

वाचतोय. घडाघडाने द्राक्षं खाताना यामागे एवढी उस्तवार असते हे डोक्यातही येत नाही.

निवृत्त_सर्वेक्षक

तळोजा, तुमचं तुमच्या मालापुरतं अगदी बरोबर. द्राक्षाला मात्र ते लावू नका. गोठवलेला माल स्वतः उष्णता सोडत नाही. भिंतीतून, छतातून जी उष्णता आत शिरते ती मालापर्यंत पोचायच्या आत उचलली की झालं, म्हणून हवा ठोकळ्याच्या भोवतीने फिरली तरी भागतं. द्राक्ष जिवंत माल आहे, श्वास घेतं, प्रत्येक पेटीतून थोडी थोडी उष्णता निघत असते. तिथे हवा मालाच्या पोटातून जायला हवी.

कंटेनरच्या रीफरमध्ये युनिट, म्हणजे थंड करणारं यंत्र, पुढच्या टोकाला असतं. थंड हवा खाली सुटते, टी-फ्लोअरच्या (खाचाखाचांच्या तळाच्या) खाचांमधून दाराकडे सरकत जाते, जाता जाता पॅलेटच्या फटींतून आणि पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून युनिटकडे परतते. लाल रेषेच्या वर माल नको म्हणतात तो या परतीच्या वाटेसाठी. हवा आळशी असते, जिथे अडथळा कमी तिथून जाते. दारापाशी उघडं फ्लोअर दिसलं की ती माल सोडून तिथूनच वर निघून जाते.

म्हणून तुमच्या मालकांचं निम्मं बरोबर आहे. दारापाशी बंदोबस्त हवाच, पण तो फ्लोअरच्या पातळीवर: उघड्या खाचांवर जाड पुठ्ठा आणि शेवटच्या पॅलेटच्या दाराकडे तोंड केलेल्या फोर्कच्या भोकांवरही पुठ्ठा. त्याच्या वरची उभी जागा ठासू नका. दाराच्या रबरातून जी गरमी येते ती वाहून न्यायला तिथे थोडी हवा हवी. थर्माकोल भरलात तर ती गरमी सरळ शेवटच्या पेट्यांत.

आता पडण्याचं. तुमची पॅलेटं १००० बाय १२०० ची असणार. एका बाजूला लांबीत ९ आणि दुसऱ्या बाजूला आडवी ११, असंच लावता ना?

पिंपळगावकर

हो काका, ९ आणि ११, एकूण २०. माल साधारण तेरा टन.

निवृत्त_सर्वेक्षक

मग गणित करा. आतली लांबी साधारण ११.५८ मीटर. ९ गुणिले १.२ म्हणजे १०.८ मीटर. ११ गुणिले १ म्हणजे ११ मीटर. एका बाजूला ७८ सेंटिमीटर उरले, दुसऱ्या बाजूला ५८. दोन्ही रांगांची शेपटं एका रेषेत येतच नाहीत, २० सेंटिमीटरचा फरक राहतो. दारापाशी एकच सरळ आडवा बार लावणारे बरेच पाहिलेत. तो टेकतो पुढे आलेल्या एकाच पॅलेटला, दुसरं मोकळंच असतं. तुमचं पडलेलं पॅलेट कुठल्या बाजूचं आहे ते बघा. ९ च्या बाजूचं असलं तर नवल नाही.

रुंदीत १.२ अधिक १ म्हणजे २.२, आतली रुंदी २.२९. नऊ सेंटिमीटरच मोकळे, पॅलेट कललं तरी भिंतीला टेकून उभं राहतं. पुढच्या बाजूला युनिटची भिंत आहे. मागे काय आहे? हवा. म्हणून बाकीची शाबूत आणि शेवटची आडवी.

पिंपळगावकर

९ च्याच बाजूचं आहे! फोटोत स्पष्ट दिसतंय.

घाट_कामगार

ट्रान्सपोर्टच्या बाजूने दोन शब्द, नाहीतर सगळं आमच्यावर ढकलून मोकळे व्हाल. ड्रायव्हरला आत काय आहे ते दिसत नाही. पॅकहाऊसमध्ये इ-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लागलं की दार उघडायचा प्रश्नच नाही, सीलला हात लावला तर बंदरावर बोंबाबोंब. म्हणजे माल जसा बसवून दिलात तसाच तो जाणार, वाटेत कुणी पट्टी आवळायला येणार नाही.

आणि रस्ता म्हणाल तर कसाऱ्याचं नाव सगळे घेतात. उतारावर ब्रेकने माल पुढे जातो, युनिटकडे, तिथे भिंत आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमने टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून तर घाट टाळताही येतो. खरा मार बसतो तो आमन्याच्या पुढे, भिवंडी, कल्याण फाटा, तळोजा, उरण. ब्रेक, सोड, ब्रेक, सोड. प्रत्येक वेळी माल पुढे दबतो आणि परत मागे येतो. शेवटच्या पॅलेटला मागे यायला जागा असली की ते रोज थोडं थोडं सरकणारच. शिवाय डॉकला गाडी मागे घेताना जो ठोका बसतो तो नेमका उलट्या दिशेचा, सगळा माल दाराकडे.

फ्रेस्नोकर

इकडून लिहितो, कॅलिफोर्नियात रीफर ट्रेलर चालवतो. इथले ट्रेलर ५३ फुटी, आणि बांधणी तुमच्या कंटेनरपेक्षा वेगळी. हवा वरून सुटते, छताला कापडी नळी असते, आणि पुढच्या भिंतीपाशी खालून परत घेतली जाते. त्यामुळे आमचा धोका पुढच्या टोकाला: पहिलं पॅलेट परतीच्या जाळीला चिकटवलं की युनिट तिथल्या तिथे आपलीच हवा गिळत बसतं.

बांधण्याचा नियम मात्र कडक. माल पुढच्या दिशेने ०.८ जी आणि मागे व आडवा ०.५ जी (१ जी म्हणजे मालाच्या वजनाएवढा जोर) एवढा झटका सोसेल असा बसवलेला हवा, हे अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत आकड्यांसह आहे. पहिल्या ५० मैलांच्या आत ड्रायव्हरने थांबून माल तपासायचा. फक्त सीलबंद ट्रेलर उघडू नको असं सांगितलं असेल तर सूट, म्हणजे घाट_कामगार म्हणतात तेच.

पॅलेट इथे ४० बाय ४८ इंची, ट्रेलर आतून साधारण ९७ इंच. दोन्ही सरळ लावली तर ८० इंच होतात, १७ इंच रिकामे. म्हणून एक सरळ एक आडवं, पुढच्या जोडीत उलट, असं फिरवत जातो. ८८ इंच भरतात आणि पॅलेटं एकमेकांत अडकून बसतात. शेवटी दोन लोड लॉक, म्हणजे खटक्याने लांब होणारे बार, एक कमरेएवढ्या उंचीवर, एक छातीपाशी. काही ठिकाणी बार नसेल तर डॉकवरून परत पाठवतात.

निवृत्त_सर्वेक्षक

फ्रेस्नोकर, ०.८ आणि ०.५ हेच आकडे रस्त्यासाठी २०१४ च्या सीटीयू कोडमध्येही आहेत, म्हणजे कंटेनर वगैरेंत माल कसा भरावा याची संहिता, आयएमओ, आयएलओ आणि यूएनईसीई या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून काढलेली. ते एका पॅलेटला लावून पाहू. ७०० किलोचं पॅलेट, ०.८ चा झटका, म्हणजे पुढे ढकलणारा जोर ५६० किलोच्या वजनाएवढा. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर फ्लोअर २१० सांभाळतं. उरलेले ३५० कुणीतरी अडवायचे. फ्लोअरवर दव धरलं असेल तर २१० पण विसरा.

आणि नुसतं घसरणंच नाही, पाया कुठे अडला की पॅलेट कलतंही. पॅलेट २.२ मीटर उंच असेल तर गुरुत्वमध्य १.१ मीटरवर. पाया १ मीटरचा असेल त्या दिशेने ०.४५ जी ला ते कलायला लागतं, १.२ मीटरच्या दिशेने ०.५५ ला. म्हणजे ११ च्या रांगेतलं सुटं पॅलेट मागच्या दिशेच्या ०.५ लाही उभं राहण्याची खात्री नाही. ९ च्या रांगेतलं कागदावर तगतं, पण पट्ट्या ढिल्या झाल्या की कागद गुंडाळून ठेवा: पेट्यांचे थर आपापले सरकतात, अख्खं पॅलेट एक ठोकळा राहतच नाही.

बार मात्र इथे चालणार नाही. ट्रेलरला काही ठिकाणी भिंतीत पट्टी असते, तिथे बार अडकतो. आपल्या बहुतेक रीफर कंटेनरच्या भिंती सपाट, आत पातळ पत्रा आणि त्यामागे फोम. बार ताणून लावलात तर पत्रा दबतो, मग कंटेनर परत करताना दुरुस्तीचं बिल येतं. खिळा मारणारेही पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आइस्क्रीमवाला_पुणे

आमच्या छोट्या गाड्यांचं वेगळंच दुखणं. सकाळी भरलेली गाडी दुपारपर्यंत अर्धी रिकामी, आणि प्रत्येक दुकानी माल उतरला की उरलेले क्रेट नाचायला मोकळे. आम्ही पफ (उष्णता अडवणारा फोम) बॉडीत दोन्ही भिंतींना ॲल्युमिनियमची भोकाभोकाची पट्टी बसवून घेतली, आडवा बार माल संपेल तसा पुढे सरकवत न्यायचा. बॉडी बनवतानाच सांगा, नंतर बसवायला गेलात तर पफ फुटतं. कंटेनरवाल्यांना याचा उपयोग नाही हे मान्य.

अदिती०७

एअरबॅगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी या धंद्यातली नाही, भौतिकशास्त्र शिकवते, पण हिशेब मजेशीर आहे.

समजा बॅग नाशिककडे ३० अंशांच्या हवेने भरली, बाहेरच्या दाबापेक्षा ०.२ बार जास्त. तिकडची उंची साधारण ६०० मीटर, तिथे हवेचा दाब ०.९४४ बारच्या आसपास. म्हणजे बॅगेतला एकूण दाब १.१४४. आता ती शून्य अंशाला आली. आकारमान बदललं नाही असं धरलं तर दाब तापमानाच्या प्रमाणात उतरतो, केल्विनमध्ये ३०३ चा २७३. एकूण दाब झाला १.०३. तोवर ट्रेलर न्हावा शेव्याला पोचला, समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १.०१३. बॅगेचा जास्तीचा दाब उरला ०.०२ बारही नाही. दहातला एक भाग! म्हणजे बॅग दिसते फुगलेली, पण धरत काहीच नाही. आणि फोटो मात्र भरताना काढलेला, टम्म.

अँटेरूममध्ये (कोल्ड स्टोरेजच्या आधीच्या थंड खोलीत) १० अंशांच्या हवेने भरलीत तरी ०.०९ च्या आसपास उरतो, निम्म्याहून कमी.

निवृत्त_सर्वेक्षक

अदिती, हे उंचीचं अंग माझ्या कधी वाचनात आलं नव्हतं. झकास. लोळागोळा झालेल्या बॅगा रीफरमध्ये पुष्कळ पाहिल्या, आम्ही सगळे वॉल्व्हला दोष देत बसायचो.

चहाबाज

अदिती +१. आता मालकांना हा प्रतिसाद छापून द्या, भिंतीवर लावायला.

अवांतर: घाट उतरताना वेफरची पिशवी चपटी होते ते हेच ना?

अदिती०७

तेच.

घाट_कामगार

बॅगा नको, बार नको, थर्माकोल नको. मग लावायचं काय? काका, नुसतं नको नको म्हणून गाडी भरत नाही. आमचे जुने लोक सरळ शेवटच्या पॅलेटला दोर मारून पुढच्या पॅलेटला बांधायचे. त्यात काय वाईट?

निवृत्त_सर्वेक्षक

काहीच वाईट नाही, उलट तेच उत्तर आहे, फक्त दोराऐवजी पट्टी आणि नीट जागी. शेवटची दोन डावीकडची आणि शेवटची दोन उजवीकडची, अशा चौघांना मिळून दोन आडवे फेरे: एक वरून दुसऱ्या-तिसऱ्या थरावर, एक मधे. कोपऱ्यांना अँगल (काटकोनी उभी पट्टी) असल्याशिवाय पट्टी पेटीत रुतते, तेवढं सांभाळा. सुट्या पॅलेटचा पाया मीटर-सव्वामीटरचा, चौघांचा मिळून दोन मीटरच्या वर. मग ०.५ जी ला घाबरायचं कारण नाही. हवेची एकही वाट अडत नाही. दार उघडणाऱ्याच्या अंगावर माल येत नाही हा आणखी एक फायदा, रॉटरडॅमच्या गोदामातलाही माणूसच आहे.

एक अडचण आहे: शेवटची दोन पॅलेटं आत गेल्यावर त्यांच्या आतल्या जोडीभोवती पट्टी फिरवायला माणूस शिरत नाही. म्हणून पट्टी आधी त्या आतल्या जोडीच्या युनिटकडच्या बाजूने टाकून ठेवायची, टोकं भिंतीलगत दाराकडे आणून टेपने चिकटवायची, मग शेवटची जोडी लावायची आणि दारात उभं राहून आवळायची. त्या नऊ सेंटिमीटरच्या फटीचा उपयोग तिथे होतो.

त्याच्या मागे ७८ आणि ५८ च्या जागेत हलकी लाकडी चौकट, फक्त लाकडाच्या पट्ट्यांची, फळ्यांची नाही. पॅलेट मागे सरकायला गेलं तर चौकट दाराला टेकेल. २० सेंटिमीटरचा फरक चौकटीतच धरायचा.

पिंपळगावकर

हे जमण्यासारखं आहे. पण पट्ट्यांचं काय? भरताना आम्ही घट्टच मारतो, तिकडे पोचेपर्यंत लोंबतात. पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) पट्टी आहे.

निवृत्त_सर्वेक्षक

पीपी ताणाखाली हळूहळू लांबते, ताण सोडते. पीईटी (पॉलिएस्टर) वापरा, महाग आहे पण ताण धरून ठेवते. मात्र सगळा दोष पट्टीचा नाही. आत आर्द्रता नव्वदच्या वर, पुठ्ठा ओल पितो, पेटीची दाब सोसायची ताकद निम्म्यावर येते, पेट्या बसतात आणि तेवढी पट्टी मोकळी होते. लाल समुद्राच्या भानगडीत २०२३ च्या अखेरीपासून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, त्या फेरीला दहा-पंधरा दिवस जास्त. तेवढे दिवस खालची पेटी जास्त भार घेऊन उभी.

तीन गोष्टी दारात उभं राहून बघा. अँगल पॅलेटच्या लाकडावर टेकलाय का, की पहिल्या थराच्या वर लोंबकळतोय? पेट्यांचे कोपरे एकावर एक आलेत का? पेटीची सगळी ताकद कोपऱ्यांत. विटांसारखी सांधेमोड रचाई केलीत तर ताकद जाते आणि भोकंही एकमेकांसमोर येत नाहीत. आणि कोल्ड स्टोरेजमध्ये दोन-चार दिवस राहिलेल्या पॅलेटची पट्टी बोटाने उचलून बघा. सहज दोन बोटं आत गेली तर ते पॅलेट कंटेनरमध्ये घालायच्या लायकीचं नाही, आधी पट्टी बदला. लोडिंगची पोरं हे करत नाहीत कारण गाडी लागलेली असते आणि जेनसेटवाला (रीफरला वीज देणाऱ्या जनरेटरचा माणूस) ओरडत असतो.

तळोजा_उणे_अठरा

पॅलेटला सरळ स्ट्रेच रॅप का मारत नाही? एकदा गुंडाळलं की विषय संपला.

पिंपळगावकर

भोकं बंद होतात हो. जाळीचा रॅप मिळतो, तो एकदा मागवून बघितला, बरा आहे पण पोरांना तो ताणून मारायची सवय नाही.

फ्रेस्नोकर

जाळी इथे भाजीपाल्याला सर्रास वापरतात. खाली पॅलेटच्या लाकडालाही दोन वेढे घ्या, नाहीतर वरचा ठोकळा घट्ट आणि तो अख्खाच पॅलेटवरून सरकतो, असं सॅलिनासच्या लेट्यूसमध्ये बघितलंय.

घाट_कामगार

एक विनंती पॅकहाऊसवाल्यांना. युनिट चालू ठेवून दार सताड उघडं ठेवून भरू नका. बाहेरची दमट हवा आत जाते, कॉइलवर बर्फ धरतो, फ्लोअर ओलं होतं. ओल्या फ्लोअरवर पॅलेट काय धरणार? आणि ड्रायव्हर वाटेत डिस्प्लेवर तापमान चढलेलं बघून घाबरून फोन करत बसतो, तेव्हा ते डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणं, चाललेलं असतं.

पिंपळगावकर

आमच्याकडे डॉकला रबरी पडदा आहे, कंटेनर चिकटवूनच भरतो. पण मुद्दा पोचवतो.

काका, सुताराला बोलावलंय. चौकटीची मापं अशी देतोय: उंची दीड मीटर, दोन भाग, एक ७५ खोल आणि एक ५५ खोल, दोन्ही मधे जोडलेले. दार लावताना तीन सेंटिमीटर खेळ राहील. लाकूड पॅकहाऊसमध्ये पडलेल्या जुन्या खोक्यांचं वापरलं तर चालेल?

निवृत्त_सर्वेक्षक

मापं ठीक आहेत, पण आधी एका रिकाम्या कंटेनरमध्ये टेप लावून बघा, प्रत्येक बनावटीत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे असतात. चौकटीचे पाय पुठ्ठ्यावरच येऊ द्या, पुठ्ठा फाटून खाच उघडी पडायला नको.

जुनं लाकूड अजिबात नको. चौकट युरोपात उतरणार, म्हणजे पॅलेटला जो नियम तोच तिला: आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) उष्णता-प्रक्रियेचा शिक्का चौकटीच्या लाकडावर दिसला पाहिजे. पॅलेटवर शिक्का आणि आधाराच्या पट्ट्यांवर नाही, म्हणून अडकलेले कंटेनर आहेत. तुमचा पॅलेटवाला शिक्क्याचं लाकूड देतोच, त्याच्याकडूनच चौकटी बनवून घ्या, सुताराला चहा पाजून परत पाठवा.